माघारी जमीन कुणाची?
(मूलबाळ नसलेल्या आपल्या माणसांसाठी, आणि त्यांच्या भावबंदांसाठीही)

साथींनो, बायांनो,

गेल्या पावसाळ्यात आवणी उरकल्यावर बदलापूरच्या अंगाला एका ठाकूरवाडीत बैठक होती. विषय वनपट्ट्यांच्या मोजणीचा होता. बैठक संपता संपता सत्तरीच्या पुढची एक आजी बसल्या जागेवरून बोलली. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला सात-बारा काढला आणि म्हणाली, "मला पोर ना बाळ. म्हातारा गेला त्याला सहा वर्सं झाली. माझ्या माघारी ही जमीन संघटनेच्या नावावर करून टाका. तुमी भांडलात म्हणून ती ऱ्हायली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही मात्र नाही म्हणालो. आजीला राग आला. "देते तर घेत नाय, आन् सरकार न देता घेतंय," असं म्हणून ती घरी गेली. बैठकीतल्या दोन-तीन जणांनाही आमचं वागणं पटलं नाही. म्हणून हा लेख. आम्ही नाही का म्हणालो ते सांगायचं आहेच. पण नुसतं नाही म्हणून काम संपत नाही. संघटनेला नाही, तर मग कुणाला? हा प्रश्न एकट्या आजीचा नाही. अंबरनाथ तालुक्यात, मलंगगडाच्या पायथ्याला, बारवीच्या कडेला, प्रत्येक वाडीत असं एखादं तरी घर आहे.

आधी हे समजून घेऊ की आपल्याकडे हा प्रश्न एवढा घाईचा का झाला. या पट्ट्यातल्या जमिनीला गिऱ्हाईक कधी नव्हतं असं झालंच नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणला लष्कराची छावणी बसली. फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. त्या माणसांचा दोष नाही, तीही घरदार टाकून आली होती. मग अंबरनाथचे कारखाने आले. कारखान्यांना पाणी पाहिजे म्हणून एमआयडीसीचं बारवी धरण आलं, नंतर त्या धरणाची उंची वाढली आणि आणखी वाड्या उठल्या. आता बडोदा-मुंबई महामार्गाचा फाटा बदलापूरवरून डोंगर पोखरून पनवेलकडे निघालाय, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवरचे फलक लागलेत. जिथं कालपर्यंत वरी आणि नाचणी व्हायची त्या माळाला आज गुंठ्याचा भाव आहे.

अशा ठिकाणी मूल नसलेली म्हातारी आणि तिचा दीड एकर म्हणजे काय, हे जमिनीच्या दलालाला आपल्याआधी कळतं. वाडीत कोण निपुत्रिक आहे, कुणाचा नवरा वारला, कुणाचं भावबंदाशी पटत नाही, याची त्याच्याकडे पक्की माहिती असते. आपण तो विषय अपशकुनाचा समजून बोलत नाही. तो बोलतो.

संघटनेला का नको?

पहिलं कारण कायद्याचं. महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याच्या ३६ अ कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा 'किंवा अन्य प्रकारे' परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला किंवा भाडेपट्ट्याला कलेक्टरची मंजुरी लागते, बाकी सगळ्याला कलेक्टरच्या वर राज्य सरकारचीही मान्यता लागते. हे कलम ६ जुलै १९७४ पासून लागू आहे आणि ते मिळवायला आपल्या आधीच्या पिढीने मार खाल्लाय. संघटना काय, ट्रस्ट काय, त्याला जातीचा दाखला नसतो. आम्ही जमीन घेतली तर ज्या कलमासाठी भांडलो तेच कलम आम्ही मोडलं असं होईल.

दुसरं कारण कायद्यापेक्षा मोठं आहे. सावकार आपल्या वाड्यांत घुसला तो बंदूक घेऊन नव्हे. तो आजारपणात, लग्नात, पावसाळ्याच्या तोंडावर धान्य घेऊन आला. मदत केली, आणि मदतीच्या बदल्यात जमीन राहिली त्याच्याकडे. आज संघटनेने एका म्हातारीची जमीन प्रेमाने घेतली, तर उद्या दुसऱ्या म्हातारीच्या दारात आम्ही गेल्यावर तिचे पुतणे म्हणतील, हे पण त्याचसाठी आलेत. आणि ते चुकीचं म्हणणार नाहीत. म्हणून आम्ही ठरवून टाकलंय: संघटनेच्या, संघटनेच्या कार्यकर्त्याच्या, किंवा कार्यकर्त्याच्या बायकापोरांच्या नावाने वाडीतल्या कुणीही जमीन लिहून देऊ नये. कार्यकर्ता आदिवासी असला तरीही नाही, रक्ताचं नातं असेल तेवढंच वेगळं. कुणी मागितली तर बैठकीत नाव घेऊन सांगा.

मग कुणाला? आजीच्या दारात उभे असलेले तिघे

आम्ही नंतर आजीकडे परत गेलो. चहा झाला, राग थोडा उतरला. तिच्याभोवती कोण आहे ते एकेक करून मोजलं.

एक, दिराची दोन मुलं. थोरला तिची खाचरं नांगरतो, बांध घालतो, आवणीला माणसं आणतो. धाकटा एमआयडीसीत कंत्राटावर आहे आणि त्याच्या मोबाईलमध्ये दलालाचा नंबर आहे.

दोन, बहिणीच्या मुलीची मुलगी. आई विटभट्टीवर वारली तेव्हा पोर चार वर्षांची होती. आजी-आजोबांनी तिला आणली, वाढवली. आता ती बदलापूरला सोसायटीत घरकाम करते आणि रात्री आजीजवळ झोपते. आजीला बाथरूमला नेणारी, औषध देणारी तीच.

तीन, रस्त्यावरचा दुकानदार. आदिवासी नाही. पण म्हातारा मरणाला टेकला तेव्हा रात्री दोन वाजता यानेच स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. एक पैसा घेतला नाही. आजी म्हणते, "रगताचं नाय, पण लेकावानी."

तिघांचाही हक्क खरा वाटतो ना? म्हणून तर निर्णय अवघड आहे. आता आमचं मत सांगतो.

दुकानदारापासून सुरू करू, कारण तिथे मन सगळ्यात जास्त अडतं. उपकार खरे आहेत. पण उपकार फेडायला जमीन नाही. आजीने तिच्या बँकेतले पैसे, शेळ्या, घरातली भांडी, काय पाहिजे ते त्याला द्यावं. त्याला कायद्याची आडकाठी नाही. जमीन मात्र आदिवासीबाहेर जाता कामा नये, मृत्युपत्रानेही नाही.

इथे काही वकील सांगतात की ३६ अ मध्ये मृत्युपत्राचं नाव नाही, म्हणून चालतं. ही पळवाट नीट समजून घ्या. १९७४ चा आदिवासींना जमिनी परत करण्याचा जो कायदा आहे, त्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरणं धरली होती, आणि विक्री-बक्षीस-गहाणाबरोबर जे व्यवहार धरले ते जिवंतपणी केलेले, असे शब्द त्यात होते. म्हणजे मेल्यानंतरच्या कागदाला तिथे फट राहिली. पण ३६ अ मध्ये 'जिवंतपणी' हा शब्द नाही. तिथे 'किंवा अन्य प्रकारे' आहे. आमचं म्हणणं असं की हे शब्द रिकामे घातलेले नाहीत. विकायला बंदी आणि मरताना लिहून द्यायला मोकळीक, असा अर्थ काढला तर प्रत्येक दलाल खरेदीखताऐवजी मृत्युपत्र करून घेईल आणि म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघेल.

हे आमचंच डोकं नाही. कुळकायद्याच्या जमिनीबद्दल असाच प्रश्न गुजरातमधून सुप्रीम कोर्टात गेला होता. कायदा मूळचा तोच, १९४८ चा मुंबई कुळकायदा. विनोदचंद्र साकरलाल कापडिया यांच्या त्या प्रकरणात जून २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की जी जमीन विकायला कायदा अडवतो, ती मृत्युपत्राने शेतकरी नसलेल्याकडे पोचवता येत नाही. नाहीतर कायद्याचा हेतूच मरतो. तो निकाल ३६ अ वरचा नाही, हे खरं. पण तर्क तोच आहे आणि आपण तो प्रत्येक कचेरीत मांडला पाहिजे.

'बाईला हयातीपुरतंच'

आता पुतणे आणि नात. वाडीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं सरळ आहे: जमीन भावकीची. नवऱ्यामागे बाईने खावी, पण ती तिची नव्हे, हयातीपुरती. मेली की भावबंदांत परत. पोरगी तर परक्या घरी जाणार.

या म्हणण्याला आम्ही हसून उडवत नाही. भावकी म्हणजे नुसते हावरे लोक नव्हेत. बांध सगळ्यांनी मिळून घातले. म्हाताऱ्यावर जंगलखात्याची केस झाली तेव्हा कल्याण कोर्टाच्या तारखांना भावकी गेली. थोरला पुतण्या गेली वीस वर्षं त्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा आहे. त्याचा हक्क त्याच्या घामाचा आहे.

पण दोन गोष्टी सांगायलाच पाहिजेत.

पहिली गोष्ट, ही 'चाल' कायद्यात आपोआप बसलेली नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, त्या कायद्याच्याच दुसऱ्या कलमात तसं लिहिलंय. दत्तक कायद्याचंही तेच. म्हणून आपल्या वारशाचा प्रश्न जमातीच्या चालीवर जातो. मग चाल काय आहे, हे ठरवणार कोण? जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाईला हिस्सा नाही अशी चाल आहे असं कुणी म्हणत असेल तर ती त्याने सिद्ध करावी. सिद्ध झाली नाही तर नुसतं बाई म्हणून तिला डावलता येणार नाही, ते समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या प्रकरणात कोर्टाने हेही पुन्हा सांगितलं की हिंदू वारसा कायदा आदिवासींना लावता येत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचा. हिंदू कायदा आपल्यावर नाही, पण म्हणून बाईला बाहेर काढायचा परवानाही भावकीला मिळत नाही. छत्तीसगडचं प्रकरण वारशाचं होतं, मृत्युपत्राचं नव्हतं, हे मान्य. तरी 'आमच्यात बायांना नसतं' एवढं बोलून आता कुणाची सुटका नाही.

दुसरी गोष्ट, जमीन परक्याकडे जाईल ही भीती. ती भीती आम्हालाही आहे. पण गेल्या पन्नास वर्षांत आपल्या वाड्यांतून ज्या जमिनी बाहेर गेल्या, त्या कागदांवर अंगठे कुणाचे आहेत? पुरुषांचे. सात-बारावर नावंच त्यांची होती. बहिणींची नावं लागली असती तर एका अंगठ्यावर काम भागलं नसतं. दलालाला चार दारं हिंडावं लागलं असतं. उलट आपणच बहिणींना बोलावून साडी-चोळी देऊन हक्कसोडीवर अंगठे घेतले आणि दलालाची वाट सोपी केली. आणि पोरगी लग्न करून गेली तरी ती जन्माने ठाकूरच राहते. तिच्या नावावरच्या जमिनीलाही ३६ अ लागतोच.

म्हणून आमचं मत असं. मूल नसलेल्या माणसाने वारस ठरवताना तीन प्रश्न विचारावेत, याच क्रमाने. माझ्या माघारी माझी बायको किंवा नवरा कुठे राहणार? मला कोणी सांभाळलं? आणि ही जमीन कोण कसणार, कोण विकणार? रक्त किती जवळचं, हा प्रश्न त्यानंतर. जोडीदार जिवंत असेल तर पहिलं नाव त्याचंच, आणि पूर्ण मालकीने. 'हयातीपुरतं' हा शब्द लिहू नका, नाहीतर ती बाई स्वतःच्याच घरात पाहुणी होते.

इथे आमची एक चूक कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हीच वाड्यांत सांगायचो, मृत्युपत्र हे शेठलोकांचं काम, आपल्यात जमात ठरवते. एका वाडीत एक कातकरी भाऊ त्या भरवशावर काही न लिहिता वारला. त्याचं लग्न पद्धतशीर लागलं नव्हतं, पैशाअभावी आपल्यात बऱ्याच जोडप्यांचं तसंच असतं. जमात जमली, बोलणी झाली, आणि ठरलं की बाईला वर्षाला दोन मण भात द्यायचं. एकदाच दिलं. ती बाई आज भिवंडीकडे भट्टीवर आहे. जमातीने ठरवलं खरं, पण त्या बैठकीत एकही बाई बोलली नव्हती आणि आम्ही तिथे बसून होतो.

वनपट्टा वेगळा, मालकी वेगळी

आजीकडे दोन प्रकारची जमीन आहे. दीड एकर मालकीची, आणि वीस गुंठे वनहक्काची. दोन्ही एकाच कागदात लिहून टाकू असं समजू नका.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या ४(४) कलमात लिहिलंय की हा हक्क वारशाने जातो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. आणि थेट वारस नसेल तर हक्क सगळ्यात जवळच्या नातेवाईकाकडे जातो. म्हणजे मूल नसलेल्यांचा विचार त्या कायद्याने आधीच केलाय. वनपट्टा तुम्ही मृत्युपत्राने मनाला येईल त्याला देऊ शकत नाही. मात्र जवळचं नातं कोणतं, यावर भांडण होणार हे नक्की. म्हणून आपण जिवंत असतानाच ग्रामसभेत सांगून ठेवावं: माझ्या घरात कोण राहतं, कोण कसतं, कुणाला मी लेकरासारखं वाढवलं. ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावं आणि नक्कल जवळ ठेवावी. त्याने भांडण मिटेलच असं नाही, पण पुढे पुरावा राहतो.

हेही ध्यानात ठेवा की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा भाग अनुसूचित क्षेत्रात येत नाही. शेजारी शहापूर आहे, मुरबाडचा काही भाग आहे, आपण नाही. त्यामुळे पेसाचं संरक्षण इथे नाही. पण ३६ अ आणि वनहक्क कायदा सगळ्या राज्यात आहे. "इथे पेसा नाही म्हणजे जमीन मोकळी" असं कुणी सांगितलं तर तो खोटं बोलतो.

कागद कसा करायचा

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी आम्ही सांगतो की दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, कारण घरातला कागद उंदीर खातो नाहीतर पुतण्या. दोन साक्षीदार पाहिजेत. त्यांच्यादेखत सही किंवा अंगठा व्हावा आणि त्यांनी तुमच्यादेखत सह्या कराव्यात. ज्याला जमीन मिळणार त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरणे घ्या, म्हणजे वेळ आली तर कोर्टात उभे राहायला ते असतील. डॉक्टरचा दाखला जोडा की माणूस शुद्धीवर होता.

कागद तुमच्या बोलीत वाचून दाखवायला सांगा, आणि वाचणारा लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. गट नंबर सात-बारावरून उतरवून घ्या. सात-बारावर अजून आजा-पणजाचं किंवा एकत्र कुटुंबाचं नाव असेल तर तुम्ही फक्त तुमचा हिस्सा लिहू शकता, सगळी जमीन नाही. आधी वारस फेरफार करून घ्या. ज्याला द्यायची त्याचा जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, फेरफाराच्या वेळी पहिला प्रश्न तोच येईल. माणूस वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे खबर द्या. मृत्युपत्र लपवून ठेवून वर्षांनी काढलं की संशय तिथेच सुरू होतो.

मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं आणि जिवंतपणी कितीदाही बदलता येतं, शेवटचं खरं. बक्षीसपत्राचं तसं नाही. ते केलं की जमीन त्या घडीला गेली. "आजी, आत्ताच नावावर करून टाक, मरेपर्यंत मीच बघीन," असं कुणी म्हणालं, मग तो लाडका का असेना, बक्षीसपत्र करू नका.

आणि दलालाचा तीन कागदांचा जुडगा ओळखून ठेवा. साठेकरार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र. तिन्हीवर एकाच दिवशी अंगठा घेतात आणि सांगतात, 'ही विक्री नाही, नुसता बोंड आहे.' सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या प्रकरणात सांगितलंय की अशा जुडग्याने मालकी जात नाही. कुलमुखत्यारपत्र तर देणारा मेला की साधारणपणे त्याच्याबरोबरच संपतं. ज्यांनी असे अंगठे दिलेत त्यांनी लाजू नका, घाबरू नका. मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र रद्द करता येतात, आणि साठेकरारावर काय करायचं ते वकिलाला विचारू. कागद घेऊन संघटनेत या. जिवंत आहात तोवर या.

काहीच लिहिलं नाही आणि वारस माहीत नाही अशी वेळ आली, तर महसूल कायद्याच्या ३४ कलमाने कलेक्टर जमीन ताब्यात घेऊ शकतो. म्हणजे न ठरवणं हाही एक निर्णयच, फक्त तो दुसरा कुणीतरी घेतो.

आजीने काय केलं

आम्ही तिला सांगितलं होतं की सगळी जमीन नातीला लिही. तिने आमचं ऐकलं नाही. चार दिवस विचार केला आणि स्वतःच ठरवलं. भाताची खाचरं नातीला. वरकस माळ, ज्याचा गट वेगळा आहे, तो थोरल्या पुतण्याला. धाकट्याला काही नाही. दुकानदाराला दोन शेळ्या, त्याही मेल्यावर नव्हे, आत्ताच. "मेल्यावर शेळी कशाला, दूध आज पाहिजे पोरांना," ती म्हणाली.

आम्ही विचारलं, थोरल्याला का? तोही भावकीतलाच. ती म्हणाली, "पोरीला एकटीला दिली तर उद्या तिच्या शेतात नांगर कोण घालील? त्यालाबी कायतरी पाहिजे, मंग तो तिच्या बांधावर येईल." आमच्या तीन प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. जमीन द्यायची तर शेजारही द्यावा लागतो, हे आम्हाला तिने शिकवलं.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. धाकट्याने वाडीत बोलणं सोडलंय. कागद नोंदवायच्या दिवशी थोरलाही आला नाही, त्याला खाचरं पाहिजे होती. पुढच्या पावसाळ्यात तो नातीच्या खाचरात उतरतो की नाही ते बघू. आजीने राबासाठी पालापाचोळा गोळा करून ठेवलाय.

आमचं मागणं एवढंच. पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक वाडीने एक यादी आणावी: मूलबाळ नसलेली माणसं कोण, त्यांचे सात-बारा कुणाच्या नावावर, वनपट्टा आहे की नाही, आणि त्यांनी कुठे अंगठा दिलाय का. यादी गुपचूप करा, दलालाच्या हाती लागू देऊ नका. बैठकीला बायांनी यावं आणि पुढे बसावं. ज्याला लिहायचं त्यानेच ठरवायचं. आपण फक्त कागद धरायचा, निर्णय नाही.

वाचता येणाऱ्याने हा अंक न येणाऱ्याला वाचून दाखवावा. विशेष करून ज्यांच्या दारात कुणी येत नाही, त्यांना.

जिंदाबाद.

– संपादक मंडळ